रुईच्या पानाखालचा कोष

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी एकदाही दाबला नाही. चिडून मी एकदा तो भिंतीवर आपटला, तरी ह्यांनी मान वळवली नाही. मग परसातल्या रुईवर पट्टेरी अळी आली. मी झाडू उचलला आणि हे चक्क ओरडले, "नको!"

त्या दिवसापासून ह्यांची खुर्ची रुईपाशी. मोबाइल अळीच्या तोंडाजवळ नेला की एका हातात थरथरायचा आणि फोटोत नुसते पिवळे-काळे ओघळ यायचे. म्हणून उजवा हात मोबाइलखाली टेकू द्यायला आला. आधी मनगट, मग बोटं. मी बघूनही न बघितल्यासारखं करायची, न जाणो माझीच दृष्ट लागायची. पुढं अळीचा कोष झाला, पानाखाली उलटा टांगलेला, सोनेरी ठिपक्यांचा. शुक्रवारी संध्याकाळी तो काळपट पडला आणि आतले नारिंगी पंख दिसायला लागले.

"उद्या," हे म्हणाले.

सकाळी ह्यांना खुर्चीत बसवून मी रुईकडे पाहिलं, तर ते पानच जागेवर नव्हतं. शनिवार! सासूबाई दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. नवस ह्यांच्याच हातासाठी बोललेला. मागच्या पायरीवर बसून त्या पानं ओवत होत्या.

"आत्याबाई, कोषाचं पान तोडलंत? डोळे कुठं होते तुमचे?"

"माज्या लेकासाटीच तोडते की मी! आन् मला मेलीला कोष कुटला दिसतोय?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला वेळ नव्हता. तबकातल्या माळेत ते पान उताणं पडलं होतं आणि आडव्या कोषाला बारीक चीर गेली होती. पंख सोडायला खाली मोकळी जागा मिळाली नाही, तर ते जन्मभर चुरगळलेले राहतात, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं. फुलपाखरू पांगळं निघालं तर ह्यांचा हात परत मांडीवर जाणार. दुसरं काही डोक्यात येईना.

मी माळ उचलून ह्यांच्या खुर्चीशेजारच्या कपड्यांच्या दोरीला टांगली. नेमका वारा सुटला. ओलं फुलपाखरू निम्मं बाहेर आलेलं, आणि पान गरागरा फिरायला लागलं. मी जवळ जाईना. माझा धसमुसळा हात मला ठाऊक आहे.

तेवढ्यात ह्यांनी मोबाइल माझ्या हातात कोंबला. डाव्या हाताने दोरीचा खांब धरून उठले आणि उजव्या हाताच्या बोटांत पानाचं टोक पकडलं.

सासूबाईंची सुई हातातच राहिली. चुरगळलेले पंख इंचाइंचाने खाली उतरत गेले, पुरते सुटले. तोवर पान हललं नाही.

उन्हं वर आल्यावर फुलपाखरू उडालं. सासूबाई माळ काढायला लागल्या, तेव्हा रिकामा कोष काढू का म्हणून मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे की. मारुतीला बी बघू दे," म्हणत त्या डोळे पुसत देवळाकडे गेल्या.

ह्यांनी फोटो बघायला मागितला. एकच निघाला होता, तोही हललेला. ह्यांचा नव्हे, माझा हात हलला होता.