लाल दिवा कुणाच्या नावावर

जाधव साहेबांना माझ्याकडून फक्त एक रिपोर्ट हवा होता. कुठल्या ऑपरेटरच्या नावावर किती एरर, एवढाच. आणि तोही आजच. एका कॉन्ट्रॅक्टवालीला महिनाअखेर काढायचंय, एचआरला कागद लागतो, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. जसा काही पंख्याचा रेग्युलेटरच बदलायचाय.

जाधव साहेब म्हणजे वाळूजच्या एका कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर. तिथं गाड्यांचे ब्रेक होज बनतात. ब्रेक दाबला की तेल ज्या नळीतून चाकापर्यंत जातं, ती नळी. तयार झालेली प्रत्येक नळी शेवटी लीक टेस्ट मशीनवर चढते. मशीन तिच्यात हवा भरतं, जरा थांबतं आणि प्रेशर उतरलं का ते बघतं. उतरलं नाही तर नळी पास. या मशीनच्या स्क्रीनचे प्रोग्राम मी सांभाळते. पडेगावहून स्कूटीवर ये-जा करते, आणि असल्या 'आजच पाहिजे'वाल्यांची मला मनापासून चीड आहे.

रिपोर्ट निघाला. सगळे एरर दुसऱ्या शिफ्टच्या कविताच्या नावावर. पहिल्या शिफ्टचे बबनराव मात्र धुतल्या तांदळासारखे. मशीन एक, नळ्या त्याच, आणि एका माणसाकडं औषधालाही एरर नाही? इथं माझं डोकं अडकलं.

कविताला मेमो आधीच मिळाला होता. 'मशीन निष्काळजीपणे हाताळणे.' त्याची एक कॉपी नोटीस बोर्डावरही लावली होती, म्हणजे कँटीनला जाणारा प्रत्येक जण वाचणार. पोरगी सोयगावकडची. रांजणगावात खोली करून राहते आणि धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण हिच्याच पगारावर चाललंय. मी विचारलं तर रडली वगैरे नाही.

"म्या काय येगळं करत नाय मॅडम. भितीवर लिवलंय तसंच करते. तुमी एकदा हितं उभं राहून बघा," म्हणाली.

दुपारी शिफ्ट बदलताना मी उभी राहिले. बबनराव गेले, कविता आली. तिनं आपलं कार्ड लावलं. भिंतीवरच्या सूचनेप्रमाणे प्रेशर सेन्सरच्या वायरचा कनेक्टर हातानं घट्ट केला. मशीनच्या थरथरीनं तो ढिला होतो, म्हणून दर शिफ्टला घट्ट करायचा असा नियमच आहे. मग, तेही सूचनेप्रमाणेच, मशीन मॅन्युअलवरून ऑटोवर टाकलं आणि एक नळी उचलली.

नळी तिच्या हातातच होती. मशीनवर चढलीसुद्धा नव्हती. आणि लाल दिवा लागला.

स्क्रीनवर आलं, 'प्रेशर सेन्सर उत्तर देत नाही. ऑपरेटर कविता.' वेळ आत्ताची. तिनं तो एरर पुसला तर लगेच दुसरा. तो पुसला तर तिसरा. इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, पण मशीन असं डोळ्यांदेखत खोटं बोलताना, तेही माणसाचं नाव घेऊन, मी कधी पाहिलं नव्हतं. कविताला त्याचं काहीच वाटलं नाही. रोजचंच होतं तिचं. सुरुवातीच्या नळ्या लाल क्रेटमध्ये म्हणजे भंगारात जातात, मग मशीन सुरळीत चालतं, असं तिनं सांगितलं.

मी लॅपटॉप उघडून तिथंच एका क्रेटवर बसले. मशीनचा प्रोग्राम सी नावाच्या जुन्या भाषेत आहे आणि त्याच्या पोटात मशीनवाल्या कंपनीची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली कामं. प्रेशर वाच, व्हॉल्व्ह उघड. आपण फक्त हाक मारायची. आता सीमध्ये चूक झाली म्हणून कुणी आपणहून बोंब मारत नाही. काम फसलं की लायब्ररी 'उणे एक' असं उत्तर देते आणि कारण एका रांगेत ठेवून देते. ते आपण जाऊन विचारायचं. नाही विचारलं तर कारण तसंच पडून राहतं.

या लायब्ररीनं कारण ठेवलं होतं, पण वेळ ठेवली नव्हती. वेळ आणि ऑपरेटरचं नाव चिकटायचं ते कुणीतरी विचारल्यावर. आणि विचारणारा भाग चालायचा फक्त ऑटोवर.

बबनरावांना मी कंपनीच्या बसपाशी गाठलं. तर म्हणाले, ऑटोवर जरा खुट्ट झालं की मशीन थांबतं, टार्गेट कोण भरणार? म्हणून ते दिवसभर मॅन्युअलवरच चालवायचे. कनेक्टरला हात लावायचा तर मशीन थांबवावं लागतं, म्हणून तोही राहायचा. म्हणजे सेन्सर रुसायचा सकाळी, एरर साचायचे सकाळी, आणि नियमानं वागणाऱ्या बाईनं ऑटोचं बटण दाबलं की सगळे तिच्या नावावर. ते साचलेले एरर संपेपर्यंत तिच्या चांगल्या नळ्याही फेल.

हे कळलं आणि मला इतका संताप आला की मी तडक साहेबांच्या केबिनकडं निघाले. अर्ध्या वाटेत थबकले. सेन्सर उत्तर देत नसताना मॅन्युअलवर नळीचा निकाल काय लागत होता?

परत लॅपटॉप उघडला. नवा आकडा मिळाला नाही की जुनाच आकडा जागेवर राहत होता. मॅन्युअलवर असताना 'उणे एक'कडं स्क्रीनचा प्रोग्राम बघतच नव्हता. जुना आकडा म्हणजे प्रेशर उतरलं नाही. प्रेशर उतरलं नाही म्हणजे पास.

"साहेब, बबनरावांच्या शिफ्टचा माल कुठंय?" मी दारातूनच विचारलं.

"डिस्पॅचला. गाडी भरतीय. का?"

"कविताच्या चांगल्या नळ्या आपण भंगारात टाकतोय. आणि सकाळच्या काही नळ्या टेस्टच न होता पास होऊन चालल्यात. ब्रेकच्या नळ्या आहेत साहेब."

साहेबांनी फोन उचलला, पण त्यांना गेटचा नंबर आठवेना. शेवटी ते स्वतःच खाली पळाले.

गाडी गेटवर अडली. माल उतरवून कनेक्टर घट्ट करून पुन्हा तपासला. बहुतेक नळ्या ठीक होत्या. काहींचं प्रेशर मात्र बघता बघता खाली आलं. आधी गेलेला माल परत मागवायला ग्राहकाला फोन करावा लागला. साहेबांचा इतका खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

बबनरावांना काही केलं नाही. मॅन्युअलवर चालवायला त्यांना वरूनच मूक संमती होती. मी प्रोग्राम दुरुस्त केला. आता चूक घडते त्याच क्षणी वेळ आणि नाव लागतं, आणि 'उणे एक' आलं तर नळी पास होत नाही, मग मशीन ऑटोवर असो की मॅन्युअलवर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कविताला केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. झालं गेलं विसरून जा, मेमो कॅन्सल, कॉन्ट्रॅक्ट चालू राहील, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, पोरगी थँक यू म्हणेल आणि जाईल.

"व्हय साहेब," ती म्हणाली, "पण मेमो बोर्डावर लावला व्हता. समद्यांनी वाचला. आता कॅन्सलबी तिथंच लावा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी काही मदत केली नाही. संध्याकाळपर्यंत कागद बोर्डावर लागला, सही-शिक्क्यासकट.

चूक कधी घडली आणि कधी कळली, या दोन वेगळ्या वेळा असतात. रिपोर्टमध्ये मी आता दोन्ही लिहिते.