रामलिंगनं भरलेली हवा

शेषेराव एसटीच्या लातूरच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते आणि त्यांची सगळी नोकरी हवेच्या ब्रेकात गेली. गाडी पिटाच्या खड्ड्यावर लागली की ते खाली उतरायचे, हवेच्या टाकीचं बूड बोटांनी चाचपायचे, आत साठलेलं पाणी सोडायचे आणि मगच वर यायचे. घाईतला एखादा ड्रायव्हर वरून ओरडला तर खालून उत्तर यायचं, "हवा दिसत न्हाई बाबा. न दिसणाऱ्याला जास्ती भ्यावं."

रामलिंग हा त्यांचा एकुलता एक. रेणापूरजवळ घरालगतच्या त्यांच्या मुरमाड तुकड्यात सोयाबीनसुद्धा धड येत नव्हतं, तिथं त्यानं पेंटबॉलचं मैदान काढलं. जुने टायर रचले, ड्रम उभे केले, भोवती जाळी बांधली. गावाला हसायला विषय झाला. एकमेकाला रंगाच्या गोळ्या मारायच्या, ते बी बारा महिने? शिमगा कमी पडला का? पण लातुरात क्लासेसला आलेली पोरं रविवारी यायला लागली. आठवडाभर डॉक्टर व्हायच्या धास्तीनं वाकलेली ती पोरं तिथं टायरांमागं लपायची, घसा फुटेस्तोवर ओरडायची आणि अंगभर रंग घेऊन परत जायची.

रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका हवेवर चालत. प्रत्येकीच्या मागं पाण्याच्या बाटलीएवढी टाकी, आणि तिच्यात एसटीच्या टाकीहून कितीतरी पट दाब. हैदराबादचं एक मैदान बंद पडलं होतं, तिथून रामलिंगनं ह्या टाक्या जुन्याच आणल्या होत्या. काही साध्या ॲल्युमिनियमच्या, बाकीच्या वरून काळ्या धाग्यांनी गुंडाळलेल्या. शेषेरावांनी त्या सतरंजीवर मांडून घेतल्या आणि पोराला समोर बसवलं. टाकीच्या तोंडाच्या आट्यांना तेलाचं बोट लावायचं नाही, एवढ्या दाबात तेल पेट घेतं. भरताना घाई करायची नाही, टाकी तापते. आत हवा असताना व्हॉल्व्हला पाना लावायचा नाही.

"ध्यानात राहील का?"

"राहील आण्णा. तुमी हावच की वरडायला."

ते त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. मैदानावर कधी कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. झालं ते रस्त्यावर. उसाच्या दिवसांत रामलिंग निलंग्याहून मोटारसायकलवर परत येत होता. दिवेलागण झाली होती. वाटेत उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती आणि तिला मागं लाल दिवा नव्हता.

दिवसकार्य उरकलं, पाव्हणे पांगले. मग एका सकाळी सून आरती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात रामलिंगचा फोन होता.

"मामा, पोरं इचारायलीत. रविवारी येऊ का म्हणून. काय सांगू?"

शेषेरावांनी उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "येऊ द्या म्हण."

तेव्हापासून मैदान त्या दोघांनी चालवलं. आरती फोन घ्यायची, पोरांना मुखवटे बांधून द्यायची. टाक्या शेषेरावांच्या. खेळ संपला की ते एकेक टाकी ओल्या फडक्यानं पुसत. काळ्या धाग्यावरून नख फिरवून चरा लागतो का बघत. व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का याची वाट बघत. आला की टाकी रिकामी करून रबराची रिंग बदलत. हे करताना ते पुटपुटत, आणि आरतीला कळायचं की ते रामलिंगशी बोलतायत. ती तिथून उठून जायची.

एक काळी टाकी मात्र त्यांनी खेळायला कधी दिली नाही. निलंग्याला जायच्या आधी रामलिंगनं ती भरून ठेवली होती. शेषेरावांनी ती त्याच्या टॉवेलात गुंडाळून आपल्या बाजेखाली ठेवली. अधूनमधून काढून ते तिच्यावरचा दाबाचा काटा बघत. कुणी हात लावला नाही तरी काटा केसाकेसानं खाली येत होता. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडा येत नव्हता. ते टाकी पुन्हा गुंडाळून ठेवत.

यंदा तपासणीची वेळ आली. टाक्यांतली हवा सोडून, पोत्यात बांधून ते नांदेडला साहेबरावांकडं गेले. साहेबराव मूळचा हदगावचा, सिलेंडर तपासायचा त्याचा धंदा. टाकीत पाणी भरायचं, दाबानं फुगवायची, दाब काढल्यावर ती पहिल्या मापाला आली तर पास. साध्या टाक्या त्यानं तपासायला ठेवून घेतल्या. काळ्यांवरची तारीख वाचली आणि मान हलवली.

"काका, ह्या न्हाई घेत मी."

"का हो?"

"मुदत संपली त्यायची. पंधरा वर्षं असतेत ह्यायला. नंतर तपासत बी न्हाईत, मोडून टाकतेत."

"एक चरा न्हाई बगा. पोरानं लेकरावानी सांभाळल्यात."

"दिसून राहिलं ना मला. सांभाळल्या म्हणून इथवर आल्या. पण धागा आतून थकतो, काका. तुमी एसटीत व्हते म्हणता. तुमी अशी टाकी गाडीला लावली असती का?"

शेषेरावांनी काळ्या टाक्या स्वतःच त्याच्याकडं सरकवल्या. लावली नसती. साहेबरावनं टाक्या पुन्हा कुणी भरू नयेत म्हणून कटरनं आडव्या कापल्या. पात्याचा आवाज सुरू झाला तसे शेषेराव बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर बसले. चहा समोर आला, तो त्यांनी घेतला नाही.

घरी आल्यावर आरतीनं हलकं झालेलं पोतं बघितलं. सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "मामा, बाजेखालची बी त्याच लॉटातली ना?"

"न्हाई. ती येगळी हाय."

त्याच बाजेवर आरतीची लहान पोरगी दुपारची झोपली होती, तिला उचलून तिनं आतल्या खोलीत नेलं.

शेषेराव तसेच बसून राहिले. आयुष्यात त्यांनी कुठल्या ड्रायव्हरला टाकीबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. चहाच्या वेळेला ते उठले, बाजेखालची टाकी काढली आणि मैदानाच्या मधोमध नेली. तोंड घरापासून लांब केलं आणि पाना न लावता हातानंच व्हॉल्व्ह अगदी किंचित सोडला.

फुस्स आवाज ऐकून आरती धावत आली, आणि काय चाललंय ते बघून जागीच थांबली. हवा बारीक धारेनं निघत होती. व्हॉल्व्हवर दव धरलं. शेषेरावांनी तो आणखी उघडला नाही. घाई करायची नसते, हे त्यांनीच शिकवलं होतं. ऊन उतरत गेलं, आवाज बारीक होत गेला, आणि मग ऐकू येईना. तरी त्यांनी तळहात धारेपुढंच धरून ठेवला.

"संपली का, मामा?"

"संपली."

तिनं त्यांचा हात धरून उठवलं. तो थंडगार पडला होता. घराकडं येताना दोघंही रडत होते, आणि दोघांनीही ते एकमेकाला दिसू दिलं.

साध्या टाक्या पास होऊन आल्या, पण तेवढ्यांवर खेळ उभा राहीना. नव्या घ्यायचा विषय ना शेषेरावांनी काढला ना आरतीनं. तिनं लातुरात एका दवाखान्यात कामाला जायचं ठरवलं, पोरीची शाळाही तिकडंच.

मैदान बंद झाल्याचं सगळ्यांना कळलं नव्हतं. एका रविवारी एक तरुण गाडी घेऊन आला. क्लासेसला असताना तो इथं येऊन खेळायचा, आता डॉक्टर होत होता. कॉलेजातल्या मित्रांना जागा दाखवायला आणलं होतं. जाळी सोडवत असलेल्या शेषेरावांना त्यानं नमस्कार केला आणि हसत विचारलं, "रामलिंगदादा कुठायत?"

शेषेरावांनी जाळी खाली ठेवली. "बसा," ते म्हणाले. "पाणी आणतो. मग सांगतो."