साडूभाऊंची खंडेनवमी

आमच्या साडूभाऊंइतका बंदुकांवर जीव टाकणारा आणि आवाजाला घाबरणारा माणूस इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स असा सगळा मुलूख पालथा घातला तरी दुसरा सापडणार नाही. त्यांच्या कार्डिफच्या घरात, काचेच्या कपाटात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची अकरा अमेरिकन रिव्हॉल्व्हरं होती आणि स्वयंपाकघरात कुकर नव्हता. शिट्टी सोसत नाही म्हणून वरण पातेल्यात शिजायचं. नोव्हेंबरात इथे फटाके सुरू झाले की हे गृहस्थ कानांत कापसाचे बोळे घालून जिन्याखाली स्टूल टाकून पेपर वाचत बसायचे. एकदा माझ्या हातून त्यांच्या घरी ताटली पडली, तर ते तीन दिवस मला फोनवरसुद्धा "हळू बोला" म्हणत होते.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेहुणी लवकर गेली, मुलगी एडिनबराला नोकरीला लागली, आणि घरात उरले हे आणि त्यांची रिव्हॉल्व्हरं. हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर कवळ्या बनवल्या. त्यामुळे कुणी हसलं की त्यांना माणूस दिसत नसे, जबडा दिसे. तीच नजर बंदुकांनाही लागू. बर्मिंगहॅमला जुन्या हत्यारांचा बाजार भरायचा, तिथे एकदा मला घेऊन गेले. सोबत थालीपिठांचा डबा. टेबलांवर मांडलेल्या मालातून एक चकचकीत पॉकेट रिव्हॉल्व्हर उचलून त्यांनी खिशातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा काढला, नळीत घातला, आणि मान हलवून मला म्हणाले, "आतली दाढ किडलीय." विक्रेता दोन्ही हातांवर गोंदवून घेतलेला धिप्पाड माणूस होता. काय म्हणतायत, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "तीस वर्षं हा धंदा करतोय. माझ्या मालाचं तोंड उघडून आजवर कुणी बघितलं नव्हतं!" पुढे दर बाजाराला तो साडूभाऊंसाठी खुर्ची राखून ठेवू लागला आणि थालीपिठाचा वाटेकरी झाला.

या छंदाला परवाना लागत नसे. त्या मापाची गोळीच आता कुणी बनवत नाही, आणि गोळी जवळ न बाळगता शोभेसाठी ठेवलेली असली जुनी वस्तू इथल्या कायद्याला चालते. कायद्याचा तेवढा कागद साडूभाऊंनी प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला होता. चहाला येणाऱ्याने बिस्किटाला हात लावण्याआधी तो वाचावा, अशी अपेक्षा असायची. "ही माझ्यासारखीच," ते म्हणायचे. "नोकरी संपली, आता नुसतं पुसून ठेवायचं." स्वतः त्यांनी जन्मात एकदाही चाप ओढला नव्हता. टीव्हीवर घोडेवाल्यांचा सिनेमा लागला की ते आवाज पूर्ण बंद करून गोळ्या मोजत बसायचे. "अहो, सहा घरं असतात त्याला! ही नववी कुठून काढली, धोतरातून?" माझी बायको म्हणायची, "भावोजी, गोष्ट बघा की जरा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, की गोष्ट सगळी खोटी असते. खरं म्हणजे यांतली निम्मी रिव्हॉल्व्हरं दुकानदारांनी, शाळामास्तरांनी, एकट्या राहणाऱ्या बायकांनी टपालाने मागवली आणि खणात ठेवली. "खणातच आयुष्य गेलं बिचाऱ्यांचं. कुणाला मारलं नाही, काही नाही. माणसांचंही बहुतेक तसंच असतं." हे ते इतक्या समाधानाने सांगायचे की वाद घालावासा वाटत नसे.

वर्षातून एकदा मात्र ही पेन्शनर मंडळी मिरवायची. खंडेनवमीला. पाटावर धुतलेला पंचा, त्यावर उंचीप्रमाणे अकरा रिव्हॉल्व्हरं, शाळेच्या फोटोसारखी. हळदकुंकवाने निकेलचा मुलामा जातो, म्हणून प्रत्येकापुढे बटर पेपरचा चौकोन आणि बोटं त्या चौकोनाला. नैवेद्याला शिरा. आणि झेंडूची फुलं. ऑक्टोबरात कार्डिफमध्ये झेंडू कुठून आणणार? ते यायचे भिंतीपलीकडून. शेजारी ग्वेन नावाची वेल्श विधवा राहायची. साडूभाऊ तिला ग्वेनबाई म्हणायचे आणि ती त्याला ओ द्यायची. ती आपल्या काचेच्या खोपटात, टोमॅटोंच्या शेजारी, केवळ या पूजेसाठी झेंडू लावायची. दोन दिवस आधी फुलांचा खोका मधल्या भिंतीवर येऊन बसायचा, आणि नवमीला ग्वेन स्वतः बूट काढून हजर. "काय म्हणतायत तुमच्या म्हाताऱ्या?" असं ती विचारायची. साडूभाऊ म्हणायचे, "एकीलाही दात नाहीत, ग्वेनबाई." हा विनोद मी सलग आठ वर्षं ऐकला. दोघं दर वर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

इथवर जे लिहिलं ते आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. पुढचंही माहीत आहे, पण चुकीचं. ते दुरुस्त करण्यासाठीच हा सगळा लेख.

लंडनला ट्रेनमध्ये स्फोट झाले त्या वर्षीची गोष्ट. आपल्या रंगाच्या माणसाच्या पाठीवरच्या बॅगेकडे लोक दोनदा बघू लागले होते. मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो. साडूभाऊ एका रविवारी आले आणि म्हणाले, "धाकटे, यंदा पूजा हॉलवर करू. पोराबाळांना दिसेल. अकराच्या अकरा घेऊन येतो."

"आणणार कशी?"

"बसने. एकच बस बदलावी लागते."

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण ते थोरले, मी धाकटा, भीड पडली. "बघू" म्हणालो. चार दिवस मी त्या बसचा विचार करत होतो, आणि मग पोलिसांच्या साध्या चौकशीच्या नंबरला फोन केला. नाव सांगितलं नाही. नुसतं विचारायचं होतं, की अशा वस्तू हॉलवर आणलेल्या चालतात का. ते नको म्हणाले, की तोच निरोप साडूभाऊंना द्यायचा आणि आपण चांगलं राहायचं, असा माझा बेत. पलीकडची बाई फार नम्र होती. वस्तू सध्या कुठे आहेत, असं तिने विचारलं. मी एकतीस वर्षं कौन्सिलमध्ये लोकांचे अर्ज तपासले, अपुरा पत्ता दिसला की अर्ज परत पाठवला. मी घर नंबर, रस्ता आणि पोस्टकोड सांगून मोकळा झालो. वर तिने पोस्टकोड पुन्हा म्हणून दाखवला, त्यातलं एक अक्षर चुकलं होतं, ते मी सुधारून दिलं. "तुम्ही शेजारी का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो, जवळच राहतो." चार रस्ते पलीकडे म्हणजे जवळच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. साडूभाऊंनी त्यांना चहा केला, भिंतीवरचा कागद दाखवला. पोलीस सभ्यपणे म्हणाले, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं लागेल. अकरा पिशव्यांत अकरा म्हाताऱ्या निघाल्या. "नळीला बोटं लावू नका, घामाने गंज चढतो," असं सांगत साडूभाऊ सपाता घालून गाडीपर्यंत गेले. सगळा रस्ता पडदे सारून बघत होता. मग त्यांचा मला फोन आला.

"धाकटे, ग्वेनने कळवलं हो पोलिसांना."

"कशावरून?"

"शेजाऱ्याने फोन केला म्हणाले. त्या बाजूचं घर तर रिकामं आहे. मग राहिलं कोण?"

मी म्हटलं, "असेल."

एवढा एकच शब्द. त्यानंतर मी बरंच काही केलं. त्यांच्याबरोबर चौकीत तीनदा गेलो, त्यांच्या वतीने पत्रं लिहिली, फॉर्म भरले, एकही रकाना रिकामा ठेवला नाही. मंडळातले लोक त्यांना टाळत होते, तेव्हा दर रविवारी त्यांना जेवायला बोलावलं. पण त्या शब्दाची दुरुस्ती केली नाही. माझी बायको "ती गोरी कृतघ्न" म्हणायची, आणि मी आमटी वाढून घ्यायचो.

ग्वेनला कशाचाच पत्ता नव्हता. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी नेहमीसारखा खोका भिंतीवर आला. साडूभाऊंनी तो उचलला नाही. मी दसऱ्याला सोनं म्हणून दुसऱ्याच कुठल्या झाडाची पानं घेऊन गेलो, तेव्हा खोका पावसात भिजून फाटला होता आणि झेंडू विटांवरून ओघळत होते. ग्वेन भिंतीशी आली, तिने हात वर केला. साडूभाऊ कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावत राहिले. एकदाच लावायचं झाकण त्यांनी तीनदा लावलं.

चार महिन्यांनी अकराही परत आली, सोबत सगळं कायद्यात बसतं असं पत्र. मुठींवर चिकटपट्ट्यांचा गोंद राहिला होता, तो त्यांनी दात घासायच्या ब्रशने महिनाभर काढला. दोन वर्षांनी ग्वेन घर विकून पेनार्थला, म्हाताऱ्यांसाठी असतात त्या फ्लॅटांत गेली. गेल्या वर्षी साडूभाऊ गेले. अगदी हळू, कुणाची झोप न मोडता. तेराव्याला त्यांच्या मुलीने माझ्या हातात एक कापडी पुरचुंडी ठेवली. सगळ्यांत लहान रिव्हॉल्व्हर. तिचं मराठी इथे वाढलेल्या पोरांचं आहे. "काका, हा तुमचा. बाबा सांगायचे, पोलीस आला तेव्हा सगळे लांब गेला, काका एकटाच जवळ राहिला."

ती पुरचुंडी मी तीन आठवडे सोडली नाही. मग बायकोला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने माझा कोट काढून ठेवला आणि म्हणाली, "पेनार्थची ट्रेन दर पंधरा मिनिटांनी असते."

ग्वेन खिडकीशी बसली होती. मी सगळं सांगितलं, पोस्टकोडसकट. ती म्हणाली, "मी फोन केला नव्हता हे मला माहीत होतं, लव्ह. त्याला माहीत असायला हवं होतं." मी माफी मागितली. ती तिने हातानेच बाजूला सारली, टेबलावरचे चुरे सारावेत तशी.

"पण मग," ती म्हणाली, "पुढच्या वर्षांना त्याने फुलं आणली कुठून?"

पूजा पुन्हा झालीच नाही, हे मला तिला सांगावं लागलं.