दाजींनी टाकलेला गिअर

चाकूरजवळच्या उपकेंद्रात दुपारी लहान मुलांना डोस देत होते, तेव्हा ताईचा फोन आला. "छाया, हे गेले गं..." एवढंच म्हणाली. समोर आया मुलं घेऊन बसल्या होत्या, म्हणून हातातलं काम संपवलं. मग गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. त्याला आता दीड महिना होतोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातुरात कोर्टाजवळ त्यांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. वकिलांचे कारकून, अर्ज लिहून देणारे, टायपिंग क्लासवाले... सगळ्यांची यंत्रं त्यांच्या हाताखालून जायची. शाळेच्या सुट्टीत ताईकडे राहायला गेले, की मी दुकानात जाऊन बसायचे. दाजी डोळे मिटून एकेक कळ दाबत. "ही जड हाय. ही पोकळ लागती." मला दोन्ही सारख्याच वाटायच्या. पुढे कॉम्प्युटर आले, गिऱ्हाईक आटलं, दुकान बंद झालं. दाजी घरी बसून जुनी कुलुपं, शिलाई मशिनी खोलत राहिले. आमचे मिस्टर थट्टेनं म्हणायचे, "दाजींना काय, भंगार मिळालं की बस्स." दाजी हसायचे. मीही हसायचे... ते आता टोचतं.

चार वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून घसरून माझं डावं मनगट मोडलं. प्लेट बसवली, हाड जुळलं, पण पहिली ताकद काही आली नाही. माझी नोकरी नर्सची, तीन गावं माझ्याकडे, आणि गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिचा गिअर आधीपासूनच हट्टी. दुसरा टाकायला जावं तर चौथा पडायचा, रिव्हर्सला दोन्ही हात लावावे लागायचे. एकदा चढावर गिअर पडेचना, गाडी मागं सरकायला लागली, आणि मागचा ट्रॅक्टरवाला जिवाच्या आकांतानं ओरडला. थोडक्यात वाचले. गॅरेजवाला म्हणाला, जुन्या गाड्या अशाच असतात. घरी ठरलं, गाडी विकायची आणि मी बसून करायचं काम मागून घ्यायचं. तसा अर्जही मी लिहून ठेवला.

हे सगळं ताईजवळ बोलताना मला रडू आलं. दाजी चहा संपवून खाली गेले आणि गाडीत बसले. खरं तर त्यांना गाडी चालवता येत नव्हती, जन्मभर सायकलच. तरी डोळे मिटून गिअरची दांडी मागंपुढं हलवत राहिले.

"गाडीत काही न्हाई," ते म्हणाले. "दांडीचा सांधा झिजलाय. तू जोर लावून राहिलीस, अन् जोर मधीच सांडून राहिला."

दोन दिवस गाडी त्यांच्या दारात होती. दांडीखालची प्लास्टिकची कडी काढून त्यांनी मला दाखवली, तिचं भोक गोल राहिलंच नव्हतं. ताईचा भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा पाट कापून त्यांनी नवी कडी कोरली. कानशीनं घासायची, बसवून बघायची, पुन्हा काढून घासायची...

"अहो, माझा पाट!" ताई ओरडली.

"तुझ्या बहिणीची नोकरी हाय त्यात," दाजी मान वर न करता म्हणाले.

मग सांध्यातला गंज काढून ग्रीस भरलं. वरची हलकी मूठ काढून तिथं दाराची जुनी पितळी मूठ आटे पाडून बसवली. "ह्या मुठीचं वजनच निम्मं काम करतं. तू निस्ती वाट दाखव."

मी क्लच दाबला, दोन बोटांनी दांडी ढकलली. टक्! दुसरा पडला. मनगटाला कळलंसुद्धा नाही.

"काय केलंत दाजी?"

"काय न्हाई. ढिलं होतं ते घट्ट केलं, घट्ट होतं ते ढिलं."

अर्ज मी त्याच दिवशी फाडला. मिस्टर गाडी एक चक्कर फिरवून आले. त्यानंतर त्यांनी भंगाराचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी दाजींचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. नांदेडच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला मीच न्यायचे. ताई मागं, दाजी माझ्या शेजारी, हात मांडीखाली दाबून बसलेले. एकदा अहमदपूर सोडलं आणि मी दुखरं मनगट झटकलं. दाजींनी ते पाहिलं.

"तू क्लच दाब. गिअर मी टाकतो."

मला हसू आलं, पण रस्ता मोकळा होता. "तिसरा, दाजी." त्यांनी मुठीवर हात ठेवला आणि थरथर थांबली. टक्. "चौथा." टक्.

"अहो, जपून..." ताई मागून म्हणाली.

"गप बस. गाडी चालवून राहिलो मी."

लोहा गाव येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. पुढच्या फेऱ्या आम्ही अशाच केल्या. मी नुसता आकडा सांगायचे.

परवा कामानं नांदेडला एकटीच निघाले. अहमदपूरच्या पुढे क्लच दाबला आणि माझा हात स्टिअरिंगवरच राहिला. "तिसरा," मी म्हणाले. इंजिन नुसतंच घोंघावत राहिलं... मग गिअर मीच टाकला.