कापलेला समास

गोंदियाच्या त्या बाइंडिंगवाल्याचा मला अजून राग येतो. आईची पोथी मी त्याच्याकडे शिवायला दिली होती, छाटायला नाही.

आई चौथीपर्यंतच शिकलेली. तिने कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. पण श्रावणात पोथी वाचताना त्या त्या दिवसाचं काहीबाही पेन्सिलीने पानाच्या कडेला लिहायची. 'आज धानाचा रोवणा झाला.' 'नहराले पानी आला.' 'पोरीचा ताप उतरला.' ती पोरगी मी. आई गेल्यावर तिच्या हातचं अक्षर म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

पोथीची शिवण उसवली, पानं सुटायला लागली, म्हणून मी ती घेऊन आमगावहून गोंदियाला गेले. दुकानदाराला बजावलं, "भाऊ, समासाला हात लावायचा नाही." त्याने मान डोलावली आणि मी निर्धास्त परतले. जन्मभर मराठी शिकवलेली बाई मी. पानाच्या कडेला सोडलेल्या जागेला समास म्हणतात, हे काय समजावून सांगायचं?

आठ दिवसांनी पोथी हातात आली ती गुळगुळीत. तिन्ही बाजूंनी मशीनखाली घातलेली. समास बोटभरही राहिला नव्हता.

"समासाला हात लावू नका म्हटलं होतं ना?" माझा आवाज चढला.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, समास तो ग्रामर में होता है. अंदर का एक अक्षर भी हमने नहीं छेड़ा."

शब्दाला शब्द जोडला की समास, एवढंच त्याच्या हिंदीला ठाऊक. दिवसभर कागदात हात, आणि कागदाच्या कडेचं मराठी नाव माहीत नाही. कापलेल्या पट्ट्या मागितल्या, तर त्या सकाळीच रद्दीत गेल्या होत्या.

घरी मोठ्या भावाने एकेक पान उलटून पाहिलं. एका पानावर 'रोवणा झा' एवढं सापडलं.

"काऊन वो, त्याले हाशिया म्हणता नाही आला काय तुले?"

मी तणतणले. महाराष्ट्रात राहून मराठीची लाज कायले, असं बरंच काही बोलले.

पानाच्या समासाला आमच्याकडे सगळे हाशियाच म्हणतात; मला तो शब्द येत होता. दुकानात ओठांवरही आला होता. पण वर्गातल्या पोरींनी 'हाशिया' लिहिलं की मी त्यावर लाल रेघ मारत आले, म्हणून तो मी गिळला, आणि त्या ऐटीपायी आईचं अक्षर गेलं.