मागच्या भिंतीचं जनेल

सरस्वतीचं घर गोव्यात, साखळीजवळच्या वाड्यावर. चिऱ्याचं, कौलारू, जुनं. मागच्या भिंतीला एकही जनेल, म्हणजे खिडकी, नव्हतं. विसरून राहिलं असं नाही. सासऱ्याने घर घातलं ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत, आणि भाटकाराने तेव्हाच बजावलं होतं, तुझी दारं-जनेलं रस्त्याकडे, माझ्या बागायतीकडे पाठ. दुसऱ्याच्या जमिनीत राहणारा मुंडकार काय बोलणार? सासरा बोलला नाही. नवराही न बोलताच गेला.

पाठीमागे परसात तिची अबोली. फुलं काढायला घराला वळसा घालून जायचं, आणि आत बसून केळीच्या सोपाच्या दोऱ्यात फाती, म्हणजे गजरे, वळायच्या, त्या भर दुपारी बल्ब लावून. फाती बसस्टँडजवळ विकून तिने मुलाला, सर्वेशला, वाढवलं. हल्ली डोळ्यांतून पाणी यायचं, गाठ चुकायची. डॉक्टरने थेंब दिले आणि सांगितलं, उजेडात बसा. उजेड काय मेडिकलमध्ये मिळतो?

घर आणि भोवतालची जमीन तिच्या नावावर व्हावी म्हणून आम्ही मुंडकार संघटनेच्या लोकांनी केस लढवली. मामलेदार कचेरीत मी घसा फोडायचो आणि ही बाकावर बसून मुकाट फाती वळायची. हुकूम हातात पडला तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "आता मागे एक खोली काढते. परसाकडे तोंड करून."

पंचायतीची परवानगी झाली. गवंडी दिनकर, कोल्हापूरकडचा, कामाला लागला. मागची भिंत फोडली त्या दिवशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत उजेड पोचला, आणि तिथली जळमटं बघून सरस्वती स्वतःच लाजली.

आता जनेल. सर्वेश हरमलला एका गेस्टहाऊसमध्ये कामाला. एका सकाळी तो टेम्पोत घालून जुनं सागवानी जनेल घेऊन आला, तावदानांच्या जागी पातळ शिंपले बसवलेलं. दिनकरने मापाचं भोक ठेवलं आणि जनेल भिंतीला टेकवलं.

दुपारी सरस्वती बसस्टँडवरून आली. मी तिथेच होतो.

"हें खंयचें रे?"

"गोकुळदासबाबांनी दिलं," सर्वेश खुशीत. "फुकट! त्यांच्या घराला सगळी स्लायडिंगची बसली. आई, हरमलला असल्या जनेलाचे फोटो काढतात लोक."

गोकुळदास म्हणजे त्याच भाटकाराचा मुलगा. माझं डोकं सणकलं. घरातली अडगळ द्यायची आणि दाता म्हणून मिरवायचं! पण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "परत नेऊन दी."

"वेडी झालीस? एवढी चांगली वस्तू..."

"वस्तू चांगली आहे. दर चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची सुपारी आणि नारळ घेऊन त्यांच्या पायरीवर कोण उभं राहत होतं? तू? आता कुठे सुटले. हे जनेल घेतलं की परत पायरीवर."

"तसं काय ते बोलले नाहीत."

"त्यांना बोलावं लागत नाही, पुता. आपणच जातो."

दिनकर डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, भोक ह्याच मापाचं ठेवलंय न्हवं."

"मग दुसरं त्या मापाचं आण. नाहीतर भोक बुजव थोडं. हात आहेत ना?"

सर्वेश भडकला. आयुष्यभर अंधारात बसली, आता आयता उजेड आला तर हिला मान आठवला, असं बोलून गेला. ती चप्पल घालून पुढे निघाली. मागून दिनकर आणि सर्वेश जनेल धरून, त्यांच्या मागे मी. मला कोणी बोलावलं नव्हतं.

गोकुळदास सोप्यावर पेपर वाचत होता. जनेल बघून त्याने चष्मा वर केला. "किते गो सरस्वती, माप बसलं नाही?"

हो म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. सर्वेशने तर मान हलवायला सुरुवातही केली होती.

"माप बसलं, बाब. पण मला नको. माझं मी आणीन."

"असं? मोठी झालीस गो आता."

"घर मोठं झालं. मी आहे तेवढीच."

तो हसला, पण पेपर काही परत उचलला नाही त्याने.

सर्वेश काही दिवस फुगून होता. शेवटी म्हापशाहून त्यानेच काचेचं जनेल आणलं, ॲल्युमिनियमच्या चौकटीचं. दिसायला भिकार. मी तसं तोंडावर सांगितलं.

"तुला काय, तू बाहेरून बघतोस," ती म्हणाली.

परवा गेलो तर ती त्याच जनेलाशी बसून वळत होती. बल्ब बंद. बोलता बोलता एकदम उठली, काच सरकवली आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "गोकुळदासबाब! तुमचं वासरू बांधून घाला! माझी अबोली खातंय!"