मामंजींचं ‘ठीक आहे’

रेल्वेच्या जुन्या शेडकडची अर्धी वाट संपली होती. गंजलेल्या रुळांच्या कडेनं मामंजी पुढे, मी मागे. फटफटीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला तरी ते हटेनात. मी कोपराला धरून ओढलं तेव्हा म्हणाले, “विचारात होतो गं.”

विचार कसला! वर्षभर मी त्यांना चहाला हाक मारत नव्हते, कप समोर नेऊन ठेवत होते. त्यांना नीट ऐकू येत नाही, हे घरात फक्त मला ठाऊक.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, लोको शेडमध्ये अडतीस वर्षं फिटर होते. डिझेल इंजिन चालू असताना त्याच्या अंगाला लांब पेचकस टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि आतलं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, “माझं दुखणं तीनदा सांगावं लागतं, त्या इंजिनबाईचं बरं न सांगता कळतं!”

शेड बंद पडली, बाकीची इंजिनं भंगारात गेली. एक इंजिन तेवढं, मामंजींची लाडकी ‘म्हातारी’, काही हौशी पोरांनी वाचवलं. मामंजी पुन्हा रोज डबा घेऊन जाऊ लागले, नोकरीत जायचे तसेच. येत्या रविवारी, अकरा वर्षांनी, ते डबे जोडून धावणार होतं.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन मोठ्यानं विचारलं, “काय झालंय, मामंजी?”

ते रुळावरच बसले. “परवा चाचणीला म्हातारी चालू केली. पोरांनी पेचकस हातात दिला. टेकवला, पण काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणून टाकलं, ठीक आहे.”

“आणि नसलं तर?”

“बेअरिंग गेलं तर आतला मुख्य दांडाच खराब होईल. तो आता कुठे मिळत नाही. मग ती कायमची बसली.”

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. “दुसरं कुणी नाही ऐकणारं?”

“आहे ना. माझ्याच हाताखाली शिकलेला. पण त्याला बोलवा म्हटलं, तर का ते सांगावं लागणार.”

आम्ही उठलो. शेडचं दार दिसलं तसे ते थबकले.

“सूनबाई, तूच सांग पोरांना. माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण माझ्यासमोर सांग, आणि जरा मोठ्यानं. काय सांगतेस ते मलाही कळायला हवं.”